‘कोड मागत नाही’ ही सबब

कार्बन स्टीलच्या फ्लँजची ऑर्डर निघायच्या वेळी खरेदी खात्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘क्लास १५० चा माल आहे, नॉर्मलायझिंग कशाला? कोड मागत नाही.’ हे वाक्य खोटं नाही, आणि म्हणूनच ते खोडून काढायला वेळ लागतो. निखालस चूक असतं तर एखाद्या तपासनिसाने कलम दाखवून विषय संपवला असता. इथे कलम समोरच्याच्या बाजूने आहे. तरीही दाबाखाली चालणाऱ्या कामासाठी घडीव फ्लँज, फिटिंग किंवा नोझल घेताना नॉर्मलायझिंगसारखा उष्णतोपचार मागायला हवा, तो खरोखर झाला की नाही हे तपासायला हवं, आणि ‘कोड मागत नाही’ हे उत्तर म्हणून स्वीकारू नये, असं माझं म्हणणं आहे.

आधी कलम काय म्हणतं ते पाहू. पाइपिंगसाठीच्या कार्बन स्टील फोर्जिंगचं सर्वांत चलनी मानक म्हणजे एएसटीएम ए१०५. मुंबईत गुलालवाडी, कुंभारवाडा, खेतवाडी या पट्ट्यातल्या गाळ्यांत जे काळे, तेल लावलेले फ्लँज रचून ठेवलेले दिसतात, त्यांतला मोठा भाग याच मानकाचा. या मानकात वर्षानुवर्षे असलेली अट अशी, की फ्लँज क्लास ३०० च्या वरचा असेल तर उष्णतोपचार सक्तीचा. क्लास १५० आणि ३०० चे प्रमाणित फ्लँज घडाईनंतर थंड करून तसेच विकले तरी चालतात. फिटिंग आणि व्हॉल्व्हच्या भागांना तर आणखी मोकळीक आहे. ते क्लास ३०० च्या वर असून शिवाय ४ इंचांपेक्षा मोठे असतील, तरच सक्ती.

आता ही रेघ कशाच्या आधारावर ओढली आहे ते बघा. आधार आहे दाबाच्या वर्गाचा. अर्ध्या इंचाचा क्लास ६०० चा फ्लँज घ्या. तो जेमतेम १४ मिमी जाड, हाताच्या पंजात मावणारा. त्याला भट्टी सक्तीची. आणि २४ इंचाचा क्लास १५० चा वेल्डनेक फ्लँज घ्या. त्याची जाडी सुमारे ४६ मिमी, वजन शंभर किलोंहून जास्त, उचलायला क्रेन लागते. त्याला सक्ती नाही. धातुशास्त्र थोडंफार जाणणाऱ्या कोणालाही विचारा, या दोघांत दाणा जाड राहण्याची, आतून सावकाश थंड होण्याची आणि ठिसूळपणाची भीती कोणात जास्त? उत्तर कलमाच्या नेमकं उलट येतं. जाड तुकडा हळू निवतो, त्याच्या पोटात दाणा वाढायला वेळ मिळतो, आणि जाडीमुळेच भेगेच्या टोकाशी ताण तिन्ही दिशांनी अडकून राहतो. कलमाने दाब मोजला. ठिसूळपणाला दाबाच्या वर्गाशी फारसं देणंघेणं नसतं.

म्हणजे कलम चुकीचं आहे का? तसंही नाही. मानक ही किमान पातळी असते. ती ठरवणाऱ्या समितीत बनवणारे, विकणारे आणि वापरणारे असे सगळेच बसतात, आणि सगळ्यांना मान्य होईल इतकंच त्यात उतरतं. त्या किमान पातळीच्या वर किती जायचं हे ठरवणं खरेदीदाराचं काम, त्यासाठी मानकात पूरक मागण्यांचा वेगळा भाग ठेवलेलाच असतो. ‘कोड मागत नाही’ म्हणणारा आपलं काम समितीवर ढकलतो आणि वर शिस्तीत वागल्याचा आव आणतो.

दुसरा युक्तिवाद जरा तांत्रिक कपडे घालून येतो. ‘टेन्साइल रिपोर्ट बघा. ४८५ मेगापास्कल पाहिजे, ५२० आलाय. यील्ड २५० पाहिजे, ३१० आलंय. लांबण पण २२ टक्क्यांच्या वर. मग न्यून काय?’ न्यून हेच, की ही चाचणी खोलीच्या तापमानाला, गुळगुळीत नमुन्यावर, सावकाश ओढून करतात. तिला खाच दिसत नाही, थंडी दिसत नाही, धक्का दिसत नाही. जाड दाण्याचं, घडाईच्या आचेवरून नुसतंच थंड झालेलं पोलाद ही परीक्षा उत्तम गुणांनी पास होतं. ताणबळ आणि चिवटपणा हे दोन वेगळे गुण आहेत. ए१०५ च्या नेहमीच्या चाचणी-दाखल्यात रसायन, ताणबळ, कठीणपणा असं सगळं असतं, फक्त चिवटपणाबद्दल एक अक्षर नसतं, कारण तो मोजणारी चार्पी ही इम्पॅक्ट चाचणी ते मानक मागतच नाही.

रसायनाच्या रकान्यातही केवढी सूट आहे ती पाहण्यासारखी. कार्बन ०.३५ टक्क्यांपर्यंत चालतो, मँगनीज ०.६० ते १.०५. कार्बन ०.३५ च्या खाली जितके ०.०१ टक्के कमी, त्या प्रत्येकामागे मँगनीज ०.०६ ने वाढवायची परवानगी, कमाल १.३५ पर्यंत. म्हणजे एका टोकाला ०.३३ कार्बन आणि ०.७० मँगनीजचा माल, दुसऱ्या टोकाला ०.२० कार्बन आणि १.२० मँगनीजचा. दोन्ही कायदेशीर, दोन्हींवर एकच पंच. पण चार्पीच्या लोलकाखाली ठेवले तर एकाच नावाची ही दोन पोलादं सख्खी भावंडं वाटणार नाहीत. वेल्डिंग करणाऱ्यालाही हा फरक लगेच कळतो. पहिल्याला प्रीहीटचे लाड करावे लागतात, दुसरा निमूटपणे जोडला जातो.

यानंतर येतो तो घडाईचा अभिमान. ‘अहो, फोर्जिंग आहे ते. हातोड्याखाली दाणा मोडून बारीकच होतो. पुन्हा भट्टीत घालून काय मिळवणार?’ यात अर्धं सत्य आहे. घडाईने दाणा मोडतो हे खरं. पण बिलेट ११५० ते १२५० अंश सेल्सियसला तापवलेला असतो. डायमधला शेवटचा ठोका बसतो तेव्हाही तुकडा बऱ्याचदा हजार अंशांच्या वरच असतो, आणि त्या तापमानाला मोडलेला दाणा पुन्हा झपाट्याने वाढतो. पोलादात ॲल्युमिनियम घालून जी सूक्ष्मदाणा पद्धत वापरतात, तिचा आधार ॲल्युमिनियम नायट्राइडचे बारीक कण. दाण्यांच्या सीमा अडवून धरायचं काम त्यांचं. घडाईच्या आचेला तेच बहुतेक विरघळून गेलेले असतात. सीमा अडवणारं कोणी उरलेलं नसतं. त्यानंतर तुकडा जमिनीवर टाकला, ढिगात टाकला, पंख्यासमोर ठेवला की पावसाळी हवेत दाराशी ठेवला, यावर त्याची अंतर्रचना ठरते. एका पाळीचा माल दुसऱ्या पाळीसारखा निघेलच याची हमी नाही.

नॉर्मलायझिंगमध्ये तुकडा ९०० अंशांच्या आसपास, म्हणजे घडाईच्या आचेपेक्षा बराच खाली, पुन्हा तापवतात. सगळं पोलाद नव्याने ऑस्टेनाइट होतं, पण या वेळी दाणा लहान असतो आणि ते नायट्राइडचे कण पुन्हा जागेवर असतात. मग मोकळ्या, स्थिर हवेत गार. बारीक फेराइट आणि बारीक पर्लाइट अशी एकसारखी रचना मिळते. घडाईत काय घडलं याचा बराचसा हिशेब पुसून नवा मांडायचा, एवढंच हे काम.

चाकण-भोसरीकडच्या वाचकाच्या मनात आता एक प्रश्न आला असेल, आणि तो रास्त आहे. गाड्यांचे क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड आज मोठ्या संख्येने घडाईनंतर कोणत्याही स्वतंत्र उष्णतोपचाराशिवाय बसवले जातात. मग फ्लँजच्या बाबतीत एवढा हट्ट का? कारण ते पोलाद वेगळं आहे. ३८एमएनव्हीएस६ सारख्या पोलादात व्हॅनेडियम मुद्दाम घातलेलं असतं, आणि घडाईनंतरचं निवणं हीच तिथे आखून दिलेली प्रक्रिया असते : ठरलेल्या वेगाचा कन्व्हेयर, ठरलेली हवा, ठरलेलं शेवटचं तापमान. एकच भाग लाखोंनी निघतो, म्हणून हे बसवता येतं. फ्लँजच्या कारखान्यात सकाळी २ इंची, दुपारी १० इंची, संध्याकाळी कोणाची तरी खास मापाची ब्लाइंड निघते. तिथे घडाईच्या आचेवरून नियंत्रित निवण्याची भाषा करणं म्हणजे नियंत्रण नसल्याचीच कबुली. शिवाय क्रँकशाफ्टची चिंता थकव्याची आहे. फ्लँजची चिंता वेगळी : एखाद्या थंड क्षणी वेल्डच्या कडेच्या बारीक भेगेपासून चीर सुटून एका दमात पलीकडे जाऊ नये.

उष्णतोपचाराने खरंच किती फरक पडतो, याचं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण फोर्जिंगमध्ये नाही, प्लेटमध्ये आहे. एएसएमईच्या दाबपात्र संहितेच्या विभाग आठमध्ये ठिसूळपणापासूनच्या सुरक्षेसाठी चार वक्र दिले आहेत, अ ते ड. जाडी बघायची, वक्र बघायचा, आणि इम्पॅक्ट चाचणीशिवाय किती थंडीपर्यंत जाता येईल ते वाचायचं. एसए५१६ ग्रेड ७० ची प्लेट नॉर्मलाइज केलेली नसेल तर ती वक्र ‘ब’ मध्ये बसते. तीच प्लेट, तेच रसायन, तीच ग्रेड, फक्त नॉर्मलाइज केली, की ती थेट वक्र ‘ड’ मध्ये जाते. २५ मिमी जाडीला ‘ब’ म्हणतो साधारण उणे १ अंश, ‘ड’ म्हणतो साधारण उणे ३४. भट्टीच्या एका फेरीने तीस अंशांहून जास्त मोकळीक! प्लेटबद्दल ज्या संहितेला हे इतकं ठामपणे माहीत होतं, ती फ्लँजबद्दल मात्र बराच काळ उदार राहिली. एएसएमईच्याच बी१६.५ या फ्लँज-मानकातल्या कार्बन स्टील फ्लँजना, ते भट्टीत गेलेले असोत की नसोत, उणे २९ अंशांपर्यंत इम्पॅक्ट चाचणी माफ होती. मग बाजारातल्या फ्लँजच्या चार्पीचे आकडे लोक तपासू लागले, आणि काहींमधून खोलीच्या तापमानाच्या जवळपासही काळजी वाटावी असे आकडे निघाले. २०१९ च्या आवृत्तीत संहितेने रेघ ओढली : सूक्ष्मदाणा पद्धतीने बनवलेल्या आणि घडाईनंतर उष्णतोपचार केलेल्या फ्लँजना उणे २९ कायम, घडाईनंतर तशाच राहिलेल्यांना उणे १८. ‘कोड मागत नाही’ म्हणणाऱ्यांनी हा बदल वाचावा. कोडच आता दोन्हींना सारखं मानत नाही.

‘पण आपल्याकडे उणे अठरा होतं कुठे?’ हा पुढचा प्रश्न, आणि सगळ्यांत लोकप्रिय. इथे मार्चपासून घाम फुटतो, हिमाच्या देशातले नियम इथे कशाला? या विचाराचा दोष असा, की तो तापमान हवामान खात्याकडून घेतो. धातूचं तापमान आतला द्रव ठरवतो. प्रोपेन हवेच्या दाबाला उणे ४२ अंशांवर उकळतो, अमोनिया उणे ३३ वर. उरणला एलपीजी निघतो, थळला अमोनिया तयार होतो, आणि अशा प्रकल्पांत कुठे एखादा व्हॉल्व्ह गळला, घाईने दाब उतरवावा लागला, की उरलेला द्रव स्वतःच्या उकळण्याने स्वतःला गोठवत नेतो. बाहेर ३५ अंशांचं ऊन असलं तरी फ्लँजवर बर्फाचा थर धरतो.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात लाँगफर्डचा वायुप्रकल्प आहे. तो काही बर्फाळ प्रदेश नव्हे. २५ सप्टेंबर १९९८ ला तिथे गरम तेलाचा पुरवठा थांबला आणि एक उष्णता-विनिमयक, जो एरवी शंभर अंशांच्या आसपास चालायचा, उणे ४८ पर्यंत उतरला. मग त्यात पुन्हा गरम तेल सोडलं गेलं. ठिसूळ झालेलं पोलाद फाटलं, आग लागली, दोन कामगार गेले, आठ जखमी झाले, आणि राज्याला दोन आठवड्यांहून अधिक काळ गॅस मिळाला नाही. नॉर्मलाइज केलेलं साधं कार्बन स्टील असतं तर ते वाचलं असतं, असं मी म्हणणार नाही. उणे ४८ ला तेही भरवशाचं नसतं. हा दाखला फक्त ‘आपल्याकडे थंडी नाही’ या वाक्यासाठी.

आणि थंडी अगदीच नाही असंही नाही. डिसेंबरच्या पहाटे नागपूरला पारा दहाच्या खाली जातो. हायड्रोटेस्टचं पाणी रात्रभर उघड्या टाकीत राहिलेलं असतं. चाचणीचा दाब कामाच्या दाबाहून जास्त, वेल्ड ताजे, त्यांतले दोष अजून कोणाला न दिसलेले. संहिता म्हणते, चाचणीवेळी धातू त्याच्या किमान रचना-तापमानापेक्षा निदान १७ अंशांनी उबदार ठेवावा. ही शिफारस किती जणांनी वाचली आहे, हे पहाटेच्या पाळीला जाऊन पाहावं.

इथवर ‘भट्टी नको’ म्हणणाऱ्यांशी भांडण झालं. पण ‘भट्टी हवी’ म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांशी माझं भांडण जास्त मोठं आहे. त्यांचा विश्वास एका अक्षरावर असतो : ‘एन’. ऑर्डरमध्ये ए१०५ एन लिहिलं, मालावर एन पंच केलेलं आलं, दाखल्यात ‘नॉर्मलाइज्ड’ छापलेलं आलं, विषय संपला. ए१०५ एन ही वेगळी ग्रेड नाही. नॉर्मलाइज केलेल्या ए१०५ वर मारायची ती खूण आहे. खूण पंचाने उमटते, भट्टीने नाही.

वेल्डसंबंधीच्या एका जुन्या अपघाताची नोंद इथे उपयोगी आहे. डिसेंबर १९६५ मध्ये इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनला जॉन थॉम्पसन कंपनीत एका अमोनिया प्रकल्पासाठीचं १४९ मिमी जाड भिंतीचं दाबपात्र हायड्रोटेस्टमध्ये फुटलं. दोनेक टनांचा तुकडा ४६ मीटर दूर जाऊन पडला. चीर सुरू झाली होती टोकाच्या फोर्जिंगच्या बाजूला, वेल्डच्या उष्णताबाधित पट्ट्यातल्या बारीक भेगांपासून. ते पोलाद मिश्रधातूचं होतं आणि प्रश्न ताणमुक्तीच्या उष्णतोपचाराचा होता, नॉर्मलायझिंगचा नव्हे, हे मान्य. पण तपासाचा निष्कर्ष आपल्याला लागू पडतो : ताणमुक्तीची फेरी झाली होती, मात्र वेल्डचा धातू सांगत होता की ठरलेली आच त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

भट्टीच्या दारात उभं राहिलं की हे कसं घडतं ते कळतं. फ्लँज जाळीच्या टोपलीत एकावर एक रचतात, कारण भट्टीची फेरी पूर्ण भरली तरच परवडते. थर्मोकपल भट्टीच्या हवेचं तापमान सांगतो, टोपलीच्या मधल्या फ्लँजचं नाही. बाहेर काढल्यावर तीच टोपली तशीच निवायला ठेवतात. ताज्या भाकऱ्यांची चवड रचली की वरची गार होते आणि मधल्या वाफाळत राहतात, तसंच इथे. कडेचे फ्लँज नॉर्मलाइज होतात, मधले जवळजवळ ॲनील. चार्टवर मात्र सगळ्यांसाठी एकच सुरेख रेघ असते. पुन्हा पोलादच सूक्ष्मदाणा पद्धतीचं नसेल, तर भट्टी उत्तम चालवूनही सगळा फायदा पदरात पडत नाही. ‘एन’ मध्ये तेही लिहिलेलं नसतं.

पीएमआयच्या बंदुकीवर विसंबणारेही कमी नाहीत. साइटवर माल आला की बंदूक लावतात, पडद्यावर मँगनीज-क्रोमियम दिसतं, हिरवा दिवा लागतो. ती बंदूक रसायन सांगते. तोच फ्लँज भट्टीत गेला होता की नाही, हे तिला कळायचा प्रश्नच नाही. ते पाहायचं तर पृष्ठभाग घासून, चकाकवून, ॲसिड लावून रेप्लिका घ्यावी लागते आणि सूक्ष्मदर्शकाखाली दाणा मोजावा लागतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे. मोठ्या लॉटमधून दोन-चार नगांवर केलं तरी पुरवठादाराचं वागणं बदलतं. चार्टवर हीट नंबर आणि भट्टीच्या फेरीचा नंबर मागा, चाचणीचा तुकडा त्याच फेरीतून गेला होता का विचारा. पहिल्यांदा विचारलं की उत्तराला आठवडा लागतो, दुसऱ्यांदा ते दाखल्यासोबतच येतं.

मग एक टोकाचा पवित्रा असतो : ‘सगळीकडे एलएफ२ घ्या, झंझट संपली.’ ए३५० एलएफ२ चं ताणबळ तेच, ४८५ पासून पुढे. पण कार्बन ०.३० पर्यंतच, उष्णतोपचार सक्तीचा, आणि वर्ग १ ला उणे ४६ अंशांवर तीन नमुन्यांची सरासरी २० ज्यूलची चार्पी. जिथे द्रव स्वतःला गोठवू शकतो तिथे एलएफ२ च घ्यायला हवं. नॉर्मलाइज केलेलं ए१०५ त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण त्याने चार्पी दिलेलीच नाही. पण थंड पाण्याच्या आणि कॉम्प्रेस्ड एअरच्या लाइनलाही एलएफ२ मागणं म्हणजे विचार न करण्याची किंमत मोजणं. उलट बाजूला, ट्यूबशीट ए१०५ मध्ये मागणारे महाभागही भेटतात. ट्यूबशीट आणि पात्राच्या कवचाची पोकळ फोर्जिंग त्या मानकाच्या कक्षेतच नाहीत, आणि ४५४० किलोंच्या वरचा नगही नाही. त्यासाठी ए२६६ आहे, आणि तिथे उष्णतोपचाराला सूट नाही.

मान्य करायचं ते मान्य करू. क्लास १५० च्या उपचार न केलेल्या फ्लँजमुळे रोज अपघात होत नाहीत. फ्लँजच्या अंगातला ताण बहुतेक ठिकाणी कमी असतो, बहुतेक सेवा उबदार असतात, बहुतेक वेल्ड चांगले असतात. धोका या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी बिघडण्याचा आहे. त्या बदल्यात वाचतं काय? भट्टीचे किलोमागे मोजके रुपये, जे टर्निंग-ड्रिलिंगच्या खर्चात आणि वाहतुकीत सहज हरवतात, आणि दोन-चार दिवसांची मुदत. मुदतीचा मुद्दा खरा आहे, म्हणूनच तो ऑर्डरच्या दिवशी सोडवावा लागतो. फिनिश मशीनिंग झालेला फ्लँज नंतर भट्टीत घालता येत नाही : गॅस्केटच्या तोंडावर पापुद्रा धरतो, माप हलतं, आणि नग भंगारात जातो.

राहिला गोदामात आधीच पडलेला, भट्टी न पाहिलेला माल. तो फेकायची गरज नाही. कमी जाडीच्या, कायम उबदार राहणाऱ्या पाण्याच्या, हवेच्या लाइनींना तो वापरावा, वेगळ्या रंगाने रंगवून, वेगळ्या रॅकवर ठेवून. फक्त पुढच्या महिन्यात एखादी तातडीची ऑर्डर आली की त्याच रॅकवरचा नग उचलून त्याच्यावर ‘एन’ ठोकला जाणार नाही, यासाठी स्टोअरच्या रजिस्टरात त्याचा हीट नंबर आजच लिहून ठेवावा.